ब्रोकर बदलला की संदेश हरवतात: एएमक्यूपी १.० ची क्लायंट लायब्ररी निवडताना काय तपासावे

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचे सॉफ्टवेअरचे काम आमच्याकडे आहे. तिथे तीन प्रोग्राम एकाच मेसेज ब्रोकरशी, म्हणजे प्रोग्रामांमध्ये संदेशांची देवाणघेवाण करून देणाऱ्या सर्व्हरशी, बोलतात. शीतगृहाच्या चेंबरमधील सेन्सरचे तापमान पाठवणारा गेटवे नोड-जेएसमध्ये आहे, पॅलेट आणि पेट्यांची नोंद ठेवणारी मुख्य प्रणाली जावामध्ये आहे, आणि पेटीवर चिकटवायची लेबले छापणारी छोटी सेवा पायथनमध्ये नव्याने लिहिली जात होती. द्राक्षांचा हंगाम सुरू होण्याआधी आम्ही जुना ॲक्टिव्हएमक्यू क्लासिक काढून त्या जागी ॲक्टिव्हएमक्यू आर्टेमिस बसवला. सगळे प्रोग्राम एएमक्यूपी हा संदेशवहनाचा प्रोटोकॉल वापरतात आणि हा प्रोटोकॉल कोणा एका ब्रोकरच्या मालकीचा नाही, तेव्हा होस्टचे नाव आणि पासवर्ड बदलला की काम संपले, असे मी सातपूरच्या कार्यालयात बसून सर्वांना खात्रीने सांगितले होते.

पहिल्याच आठवड्यात पॅकहाऊसच्या व्यवस्थापकांचा रात्री साडेदहाला फोन आला. "सर, तीन नंबर चेंबरचा आकडा स्क्रीनवर हलतच नाही. आत जाऊन बघितलं तर गारवा बरोबर आहे, पण स्क्रीन आठचीच वेळ दाखवतेय." गेटवे बंद करून पुन्हा सुरू केला की आकडे येऊ लागत, आणि दोन दिवसांनी पुन्हा तीच तक्रार येई. कधी पाव तासाने आकडे आपोआप सुरू होत, कधी वीज जाऊन आल्यावर मधल्या दोन-तीन मिनिटांच्या नोंदी कायमच्या नाहीशा झालेल्या असत, आणि लेबलची सेवा तर ब्रोकरला जोडलीच जात नव्हती. वरून पाहता सगळ्यांचे लक्षण एकच होते, 'संदेश पोहोचत नाही', आणि त्यामुळेच आम्ही बरेच दिवस एकच कारण शोधत बसलो. प्रत्यक्षात ही वेगवेगळी दुखणी होती आणि त्यांतले एकही प्रोटोकॉलच्या चुकीने झालेले नव्हते. लायब्ररीने आमच्या वतीने परस्पर घेतलेले निर्णय आम्ही कधी वाचलेच नव्हते.

सर्वांत सोपे दुखणे आधी सांगतो. कनेक्शन उघडताक्षणी तुटत असेल, पासवर्डची चूक असल्याचाही निरोप येत नसेल, तर लायब्ररी कोणते एएमक्यूपी बोलते ते पाहावे. एएमक्यूपी ०-९-१ आणि एएमक्यूपी १.० या एकाच प्रोटोकॉलच्या जुन्या-नव्या आवृत्त्या आहेत असा समज सर्रास आढळतो, पण आडनाव सारखे असले तरी ही घराणी वेगळी आहेत. २००३ मध्ये जेपी मॉर्गन चेस या बँकेत या कामाला सुरुवात झाली, ०-९-१ हे २००८ मध्ये आले, आणि १.० हे ऑक्टोबर २०१२ मध्ये ओएसिस या संस्थेचे मानक झाले. पुढे २०१४ मध्ये त्याला आयएसओ/आयईसी १९४६४ हा क्रमांक मिळाला. ०-९-१ मध्ये संदेश वाटून देणारे एक्स्चेंज, ते साठवणारी रांग म्हणजे क्यू, आणि त्यांना जोडणारे बाइंडिंग हे सारे प्रोटोकॉलचाच भाग आहेत. १.० ने ते सगळे ब्रोकरवर सोडून दिले आणि केवळ दोन टोकांमध्ये संदेश कसा सुपूर्द करायचा एवढेच ठरवले. म्हणूनच ते ब्रोकर-निरपेक्ष म्हणवते.

आमच्या तरुण सहकाऱ्याने लेबलची सेवा आपल्या लॅपटॉपवरील रॅबिटएमक्यू या दुसऱ्या ब्रोकरवर तपासली होती आणि त्यासाठी पिका ही लायब्ररी घेतली होती. पिका फक्त ०-९-१ बोलते. पायथनमध्ये कामे रांगेत लावणाऱ्या सेलरीच्या मागे असलेली लायब्ररी आणि नोडमधील एएमक्यूपीलिब यांचेही तसेच आहे. आर्टेमिसला ०-९-१ समजत नाही. दोन्हींचे नेहमीचे पोर्ट मात्र ५६७२ हेच असल्यामुळे दार बरोबर सापडते आणि दारातूनच परत पाठवले जाते. खात्री करायची असल्यास वायरशार्क या नेटवर्कवरचे बाइट दाखवणाऱ्या साधनामध्ये कनेक्शनचे पहिले आठ बाइट पाहावेत. पहिले चार दोन्हींत सारखेच, दशमान पद्धतीने ६५, ७७, ८१, ८०, म्हणजे प्रोटोकॉलच्या नावाची चार अक्षरे. त्यापुढे ०, ०, ९, १ दिसले तर जुने घराणे. ०, १, ०, ० किंवा लॉगिनच्या टप्प्यासाठी ३, १, ०, ० दिसले तर १.०. नुसता 'एएमक्यूपीला सपोर्ट आहे' हा शब्द कोणत्याही माहितीपत्रकात आला तर त्यापुढे आकडा आहे का ते आधी बघावे. रॅबिटएमक्यूमध्येही १.० साठी पूर्वी वेगळा प्लगइन चालू करावा लागे. २०२४ मध्ये आलेल्या ४.० पासून तो मूळ प्रोटोकॉलांपैकी एक झाला. असाच दुसरा गैरसमज जेएमएसचा आहे. जेएमएस ही जावातील प्रोग्रामिंगची पद्धत आहे, तारेवरून जाणारा प्रोटोकॉल नव्हे; ॲक्टिव्हएमक्यू क्लासिकचा स्वतःचा जेएमएस क्लायंट ओपनवायर हा वेगळा प्रोटोकॉल बोलतो, तर क्यूपिड जेएमएस ही लायब्ररी एएमक्यूपी १.० बोलते. कोड अक्षरशः सारखा दिसतो आणि ब्रोकर बदलायची वेळ आली की फरक कळतो.

आता वीज गेल्यावर नोंदी नाहीशा होण्याचे प्रकरण. यात आमचा सर्वांत जास्त वेळ गेला आणि लायब्ररी निवडण्याबद्दल सर्वांत जास्त शिकवले तेही यानेच.

गेटवे ही एक छोटी पेटी आहे आणि वीज आल्यावर ती काही सेकंदांत उभी राहून संदेश पाठवू लागते. जावाची प्रणाली सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात. क्लासिकच्या काळात या मधल्या वेळेतले संदेश क्यूमध्ये साचत आणि जावा आली की ती ते उचलत असे. आर्टेमिसमध्ये ते साचत नव्हते. गेटवेच्या लॉगमध्ये प्रत्येक संदेश स्वीकारल्याची ब्रोकरची पावती होती, म्हणून आम्ही आठवडाभर जावाच्या कोडवर संशय घेत राहिलो. शेवटी आर्टेमिसच्या कन्सोलमध्ये त्या पत्त्यासमोरचा 'अनराउटेड मेसेज काउंट' (कोणत्याही क्यूकडे न गेलेल्या संदेशांची संख्या) हा आकडा वाढताना दिसला, आणि पत्त्याच्या प्रकाराच्या रकान्यात 'मल्टिकास्ट' लिहिलेले दिसले.

झाले होते ते असे. १.० मध्ये पत्ता म्हणजे नुसती एक अक्षरमाळ असते; ती क्यूकडे जाते की टॉपिककडे, म्हणजे त्या क्षणी ऐकणाऱ्या सर्वांना संदेश वाटणाऱ्या जागेकडे, हे प्रोटोकॉल सांगत नाही. क्लासिकमध्ये नुसते नाव दिले तर तो ते क्यूचे समजतो, टॉपिक हवा असेल तर नावाआधी तसे लिहावे लागते. आर्टेमिसमध्ये न सांगता आपोआप तयार होणारा पत्ता मुळात मल्टिकास्ट, म्हणजे टॉपिकसारखा असतो. टॉपिकवर कोणी ऐकत नसेल तर संदेश टाकून देणे हेच बरोबर वर्तन, म्हणून ब्रोकर तो स्वीकारून पावती देत होता आणि टाकूनही देत होता. मग जावाला याचा त्रास का झाला नव्हता? कारण क्यूपिड जेएमएसमध्ये क्यू आणि टॉपिक हे वेगळे प्रकारच आहेत आणि ती लायब्ररी लिंक, म्हणजे पत्त्यापर्यंतची संदेशांची वाट, जोडताना 'मला क्यू हवा' अशी कॅपॅबिलिटी आपणहून पाठवते. नोडमधील रिआ ही लायब्ररी तसे काही पाठवत नाही. ती प्रोटोकॉलच्या अगदी जवळून काम करते आणि जे सांगाल तेवढेच बोलते. दोन्ही लायब्ररी उत्तम आहेत, दोन्ही मानकाला धरून आहेत, आणि दोन्हींनी एकाच नावाचा पत्ता मागितला तरी ब्रोकरच्या कानावर दोन वेगळ्या गोष्टी पडल्या.

उपाय दोन आहेत आणि आम्ही दोन्ही केले. गेटवेमध्ये लिंक उघडताना पत्त्यासोबत 'क्यू' ही कॅपॅबिलिटी लिहिली, आणि ब्रोकरच्या कॉन्फिगरेशनमध्ये सर्व पत्ते एनीकास्ट (प्रत्येक संदेश एकाच ग्राहकाला देणाऱ्या) क्यूसह आधीच घोषित करून आपोआप पत्ता तयार होण्याची सोय बंद केली. यातला दुसरा उपाय मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यानंतर पत्त्याच्या नावात एखादे अक्षर चुकले तरी लिंक जोडतानाच स्वच्छ त्रुटी येते आणि चुकीच्या नावाची नवी पोकळी गुपचूप तयार होत नाही. विकासाच्या वेळी आपोआप तयार होणारे पत्ते फार सोयीचे वाटतात. पण चालू कामावर ती सोय ठेवू नये असे माझे आता स्पष्ट मत आहे.

याच संदर्भात पावतीबद्दल थोडे. बाजार समितीत ट्रॅक्टर आत शिरला म्हणजे काटापट्टी हातात आली असे कोणताही शेतकरी समजत नाही, पण आपण प्रोग्राम लिहिणारे 'सेंड' हे फंक्शन परत आले की संदेश पोहोचला असे खुशाल समजतो. क्यूपिड जेएमएसमध्ये टिकाऊ संदेशाचे सेंड ब्रोकरची पावती येईपर्यंत थांबते. रिआमध्ये सेंड लगेच परत येते आणि निकाल नंतर इव्हेंटच्या रूपाने येतो, तोही चारपैकी एका प्रकारचा: ॲक्सेप्टेड, रिजेक्टेड, रिलीज्ड किंवा मॉडिफाइड. 'सेटल झाले', म्हणजे व्यवहार मिटला, एवढाच इव्हेंट ऐकून संदेश स्थानिक नोंदीतून काढून टाकणारा कोड आमच्याकडे होता. रॅबिटएमक्यूवर हा कोड नेला असता तर आणखी गंमत झाली असती, कारण कोणत्याही क्यूकडे न जाऊ शकलेला संदेश तिथे 'रिलीज्ड' म्हणून परत येतो, म्हणजे सेटल झालेला असतो पण पोहोचलेला नसतो. आता गेटवे 'ॲक्सेप्टेड' आल्याशिवाय आपल्या डिस्कवरची नोंद पुसत नाही. आणि ब्रोकर बंद पडला तरी संदेश टिकायचा असेल तर हेडरमधील ड्युरेबल हे चिन्ह स्वतः लावावे लागते. मानकानुसार ते नसल्यास संदेश टिकाऊ नाही असेच धरले जाते. जेएमएस ते मुळात लावून पाठवते, पायथनसाठीची प्रोटॉन ही लायब्ररी आणि रिआ लावत नाहीत. हा फरक आम्हाला कळला तोही वीज गेल्यावरच.

पाव तासाने आपोआप बरे होणारे दुखणे वेगळ्या जातीचे होते. पॅकहाऊसपासून ब्रोकरच्या सर्व्हरपर्यंतचा मार्ग इंटरनेटवरून जातो आणि मध्ये राउटर, फायरवॉल असे बरेच काही आहे. यांपैकी एखादा यंत्रसंच कनेक्शनची नोंद विसरला तर तो कोणालाही कळवत नाही. दोन्ही टोकांना कनेक्शन उघडेच वाटते. गेटवे पाठवत राहतो, उत्तर येत नाही, आणि लिनक्स तोच डेटा पुन्हा पुन्हा पाठवून पाहतो. या प्रयत्नांची मर्यादा मुळात १५ असते आणि वाढत जाणाऱ्या अंतराने ते संपायला किमान ९२४ सेकंद, म्हणजे साडेपंधरा मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. त्यानंतरच प्रोग्रामला त्रुटी कळते, रिआ पुन्हा जोडणी करते आणि आकडे सुरू होतात. 'सर, पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप चालू झालं' हे व्यवस्थापकांचे वाक्य आम्ही सुरुवातीला सहज म्हणून घेतले होते. त्यातच निदान दडलेले होते. आणि केवळ ऐकणाऱ्या, स्वतः काहीच न पाठवणाऱ्या क्लायंटला तर इतकीही खबर लागत नाही. तो अनंत काळ वाट पाहू शकतो. आठची वेळ दाखवत साडेदहापर्यंत थांबलेली स्क्रीन याच प्रकारची होती: ती आकडे फक्त घेते, पाठवत काहीच नाही.

१.० मध्ये यावर सोय आहे. कनेक्शन उघडताना प्रत्येक बाजू आपला आयडल टाइमआउट जाहीर करू शकते, आणि समोरच्या बाजूने त्या मुदतीत काहीतरी पाठवावे लागते, बोलायला काही नसले तर रिकामी चौकट तरी. ही रिकामी चौकट पाहण्यासारखी आहे: अवघे आठ बाइट, ०, ०, ०, ८, २, ०, ०, ०. वायरशार्कमध्ये ती दर काही सेकंदांनी दोन्ही दिशांना जाताना दिसली तर समजावे की दोघेही एकमेकांची नाडी बघत आहेत. आमच्या बाबतीत ती एकाच दिशेने जात होती. ब्रोकरने आपली मुदत जाहीर केली होती म्हणून गेटवे इमाने ठोके पाठवत होता. गेटवेने स्वतःची मुदत जाहीरच केली नव्हती, म्हणून ब्रोकरवर उलट ठोका पाठवण्याचे बंधन नव्हते. क्यूपिड जेएमएसमध्ये ही मुदत मुळातच ६० सेकंद असते, रिआमध्ये ती आपण द्यावी लागते. एक ओळ वाढवली आणि साडेपंधरा मिनिटांचे अर्ध्या मिनिटावर आले. मानक असेही सुचवते की जाहीर करायचा आकडा आपल्या खऱ्या मर्यादेच्या निम्मा असावा, म्हणजे एखादा ठोका उशिरा आला म्हणून धडधाकट कनेक्शन तुटत नाही.

क्रेडिटबद्दल थोडक्यात. ऐकणारा क्लायंट ब्रोकरला 'मला इतके संदेश आगाऊ दे' असे क्रेडिट देतो. क्यूपिड जेएमएस आणि रिआ दोन्हींत हा आकडा मुळात १००० आहे, प्रोटॉनच्या पायथन हँडलरमध्ये १०. लेबल प्रिंटरसारख्या हळू चालणाऱ्या कामासाठी १००० म्हणजे एका प्रिंटरने सगळी लेबले स्वतःच्या पोतडीत भरून घेणे आणि बाजूच्या प्रिंटरने रिकामे बसणे. कन्सोलमध्ये क्यूवर संदेश दिसतात, दुसरा ग्राहक जोडलेला दिसतो, तरी त्याला काही मिळत नाही, असे लक्षण दिसले तर आधी हेच पाहावे. आम्ही प्रत्येक प्रिंटरला दोनच्या वर क्रेडिट देत नाही.

रिआमधील आपोआप स्वीकृतीही बंद करावी, कारण ती असिंक हँडलर, म्हणजे संदेश आल्यावर मागे चालू राहणारे काम, पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. डेटाबेसमध्ये नोंद होण्याआधीच ब्रोकरला 'मिळाले' असे कळवले जाते आणि नेमक्या त्या क्षणी प्रोग्राम पडला तर तो संदेश कोणाकडेच राहत नाही.

मग लायब्ररी निवडायची कशी? गिटहबवरचे तारे मोजणे हा मार्ग मी सोडून दिला आहे. जावाच्या चमूला जेएमएसची सवय असेल तर क्यूपिड जेएमएस घ्यावी. ती सर्वांत जास्त निर्णय स्वतः घेते आणि ते बहुतेक शहाणपणाचे असतात. नोडसाठी रिआ, पायथन आणि सी++ साठी क्यूपिड प्रोटॉन, डॉट नेटसाठी एएमक्यूपी डॉट नेट लाइट या मी निःशंकपणे सुचवीन. गो भाषेत अझूरच्या चमूची गो-एएमक्यूपी आहे. ती कोणत्याही १.० ब्रोकरसोबत वापरता येते, पण तुटलेली जोडणी पुन्हा करणे ती वापरणाऱ्यावर सोडते, आणि हे काम पहिल्यांदा लिहिणारा बहुधा चुकतो. ब्रोकर किंवा क्लाउड सेवा पुरवणाऱ्यांचे स्वतःचे एसडीके (तयार लायब्ररींचे संच) आतून १.० बोलत असले तरी ते त्यांच्या सेवेच्या खास गोष्टींभोवती रचलेले असतात. एकाच सेवेवर कायम राहायचे असेल तर ते खुशाल वापरावेत. ब्रोकर बदलण्याची शक्यता उघडी ठेवायची असेल तर ते टाळावेत.

पण नावापेक्षा महत्त्वाचा आमच्याकडचा एक कागद आहे. प्रत्येक प्रोग्रामसाठी त्यावर सात मूल्ये लिहिलेली असतात: पत्ता व त्याची कॅपॅबिलिटी, ड्युरेबल, स्वीकृती कोण आणि केव्हा देते, क्रेडिट, आयडल टाइमआउट, पुनर्जोडणी, आणि बॉडीचा प्रकार. लायब्ररीचे मूळ मूल्य आपल्याला चालणारे असले तरीही ते कोडमध्ये स्पष्ट लिहायचे, असा नियम आहे. एखाद्या लायब्ररीत यांतले एखादे मूल्य बदलताच येत नसेल तर ती बाद.

नवी लायब्ररी घेतली की कार्यालयातील टेबलावर एक चाचणी होते. पाठवणारा प्रोग्राम १ ते १०,००० असे क्रमांक घातलेले संदेश पाठवतो आणि घेणारा ते टेबलमध्ये नोंदवतो. मध्येच एकदा ब्रोकरची प्रक्रिया मारून पुन्हा सुरू करायची, आणि एकदा मधल्या स्विचची केबल काढून दोन मिनिटांनी लावायची. दोन्ही करावे लागते, कारण प्रक्रिया मारली की ऑपरेटिंग सिस्टीम सॉकेट बंद करून समोरच्याला कळवते, केबल काढल्यावर कोणीच कोणाला काही कळवत नाही. शेवटी एकही क्रमांक गळालेला नसावा. दोनदा आलेले चालतात, कारण पावती वाटेत हरवली तर पाठवणाऱ्याने पुन्हा पाठवणे योग्यच आहे. मेसेज-आयडीवर युनिक की ठेवली की दुसरी प्रत टेबल स्वतःच नाकारते.

लेबलची सेवा पिकावरून प्रोटॉनवर आणल्यानंतर ती या चाचणीत एकदा अडकली, तेही गळतीमुळे नव्हे. सगळे दहा हजार संदेश पोहोचले, पण जावाच्या बाजूला ते वाचताच येईनात. पायथनने मजकूर बाइटच्या रूपात दिला होता आणि जावा टेक्स्टमेसेजची वाट पाहत होती. १.० मध्ये संदेशाची बॉडी डेटा, सीक्वेन्स किंवा व्हॅल्यू अशा तीन प्रकारांची असू शकते, आणि प्रोटॉन साधी अक्षरमाळ दिल्यास ती व्हॅल्यू म्हणून पाठवते, जी क्यूपिड जेएमएसला टेक्स्टमेसेज म्हणून दिसते. बाइट दिले तर ते बाइट्समेसेज होऊन येतात. आम्ही सर्वत्र यूटीएफ-८ मधील जेसन, डेटा विभागात आणि कंटेंट-टाइपसह पाठवायचे ठरवले, जावातील वाचणाऱ्या भागात चार ओळी बदलल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पॅलेटची लेबले पिंपळगावच्या प्रिंटरमधून बाहेर पडली.